रेझिन प्रिंट धुवायला एक डबा, क्युअर करायला दुसरा

निपाणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घराच्या माडीवर सात इंची स्क्रीनचा रेझिन प्रिंटर आहे, म्हणजे द्रव रेझिन उजेडाने थराथराने घट्ट करत वस्तू घडवणारा थ्रीडी प्रिंटर. हुपरीच्या चांदीकामासाठी लागणारे घुंगरांचे, जोडव्यांचे मास्टर (ज्यांच्यावरून मोल्ड घेतात ते मूळ नमुने) त्यावर काढले जातात. प्रिंट बादलीतल्या आयपीएत (आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये) विसळून गच्चीवर उन्हात ठेवायचे, अशी आजवरची पद्धत. पावसाळा लागल्यापासून प्रिंट चिकट राहतात, वर पांढरी पूड धरते, आणि मोल्डसाठी ओतलेले सिलिकॉन रबर प्रिंटला लागून असलेल्या बाजूने ओलेच राहते. तयार मशीन न घेता वॉश आणि क्युअरची, म्हणजे प्रिंट धुण्याची आणि मग यूव्ही उजेडात पक्का करण्याची, सोय घरीच करायची आहे. जास्त ताकदीची यूव्ही पट्टी लावली तर हे सगळे सुटेल का?

नाही सुटणार. ताकद वाढवली तर प्रिंट पिवळा आणि ठिसूळ होईल, चिकटपणा तसाच राहील. घोटाळा उजेडात नाही, धुण्यात आणि वाळवण्यात आहे. नीट न धुतलेल्या प्रिंटवर कच्च्या रेझिनचा पातळ थर उरतो. आतले रेझिन उजेडाने घट्ट होते, पण अगदी वरच्या थराला हवेतला ऑक्सिजन घट्ट होऊ देत नाही. म्हणून आतून दगड आणि वरून गूळ. पांढरी पूड म्हणजे मळक्या आयपीएत विरघळलेले रेझिन, जे प्रिंटवरच वाळले आणि वाळल्या जागीच क्युअर झाले. आणि सिलिकॉनचे म्हणाल, तर प्लॅटिनम-क्युअर जातीचे (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे) रबर या कच्च्या रेझिनच्या आणि त्यातल्या फोटोइनिशिएटरच्या (उजेड पडताच रेझिन घट्ट करू लागणाऱ्या रसायनाच्या) नुसत्या अंशानेही सेट व्हायचे थांबते. तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. तेव्हा मेहनत धुण्याच्या डब्यावर करा; क्युअरचा डबा त्यामानाने पोरखेळ आहे.

दुसरी गोष्ट आधीच सांगतो. बाजारातल्या काही मशीनमध्ये एकाच बुडावर धुण्याचे भांडे काढून क्युअरची चकती ठेवता येते. ते बघून घरी एकाच पेटीत दोन्ही बसवायचा मोह होतो. तो टाळा. आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या भागात डिसेंबरातली एखादी कडक पहाट सोडली तर त्याची वाफ कायम पेट घेण्याच्या अवस्थेत असते. हवेत दोन टक्क्यांपासून बारा टक्क्यांपर्यंत वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेच्या दुप्पट जड, त्यामुळे ती वर न जाता फरशीवरून सरपटत जाते. टायमरचा रिले, दाराचा स्विच, ब्रशवाली मोटर या प्रत्येकात बारीक ठिणगी पडत असते, आणि क्युअरच्या पेटीत हे सगळे असणार. म्हणून दोन डबे, आणि त्यांच्यात निदान दोन मीटर अंतर. ज्या खोलीत धुणार तिथे देवघर नको. निरांजन आणि उदबत्ती यांच्याकडे कुणी ठिणगी म्हणून बघत नाही, पण आहेत त्या ठिणग्याच. गॅस गीझरही त्याच यादीत.

धुण्याचा डबा

भांडे पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. डब्याच्या बुडाला त्रिकोणात ५ हा आकडा किंवा पीपी ही अक्षरे असतात. त्रिकोणात २ असलेले एचडीपीईही चालते. काचेसारखा स्वच्छ दिसणारा अ‍ॅक्रिलिकचा डबा अजिबात नको. आयपीएने त्याला केसासारख्या चिरा जातात आणि एके दिवशी बूड सुटते. आकार चौकोनी, माप पाच लिटर, झाकण घट्ट रबरी रिंगचे. चौकोनी कशासाठी? गोल डब्यात सगळे द्रव एकाच दिशेने गरगर फिरते, प्रिंटही त्याच्याबरोबर फिरतो, आणि दोघांची गती सारखी झाली की घासणे बंद पडते. कोपऱ्यांमुळे प्रवाह मोडतो, आणि खरे काम तो मोडलेला प्रवाहच करतो.

ढवळायला कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा, ८० किंवा १२० मिमीचा. हा ब्रशलेस असतो, त्यामुळे आत ठिणगी पडत नाही. पात्या मधल्या टोपीपाशी कापून टाका आणि कानशीने साफ करा. टोपीवर १० मिमी व्यासाचे ३ मिमी जाड दोन निओडायमियम चुंबक बसवायचे, केंद्रापासून केंद्रापर्यंत २५ ते ३० मिमी अंतर ठेवून, मध्याच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे. एकाचे उत्तर टोक वर तर दुसऱ्याचे दक्षिण वर. ओळखायला सोपे: दोन्ही चुंबक एकमेकांना चिकटवा, वरच्या कडेला दोघांवर एकेक खूण करा, मग उघडून एकाची खूण वर आणि दुसऱ्याची खाली ठेवा. हे उलटसुलट झाले नाही तर वरची कांडी नुसती थरथरते, फिरत नाही. चिकटवायला दोन नळ्यांचा इपॉक्सी, आणि तो पुरते २४ तास वाळू द्या. झटपट चिकटणारा गोंद पंख्याच्या वेगात चुंबक फेकून देतो.

चुंबक लावल्यावर पंखा सुरूच होत नाही किंवा झटके देतो, ही नेहमीची अडचण. पंख्याच्या आत चुंबकाची दिशा ओळखणारा सेन्सर असतो आणि तुमच्या चुंबकांमुळे तो गोंधळतो. टोपी आणि चुंबक यांच्यामध्ये २ मिमीची प्लॅस्टिकची चकती घाला, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. पंखा जोराने थरथरत असेल तर एक चुंबक मध्यापासून किंचित जास्त लांब गेला आहे. काढून पुन्हा मोजा, कारण हा थरथराट पंख्याचे बेअरिंग महिन्याभरात खातो.

पंखा १२ मिमी प्लायवूडच्या उथळ पेटीत, चुंबक वर करून. वरचे झाकण ३ मिमी अ‍ॅक्रिलिक किंवा सनमायका, आणि चुंबक त्याला न घासता जितके जवळ जातील तितके जवळ. चुंबक आणि आतली कांडी यांच्यातले एकूण अंतर ८ मिमीच्या आत हवे. डब्याचे बूड मधे फुगलेले असेल तर कांडी एका जागी टिकत नाही. विकत घेतानाच पट्टी लावून सपाट बूड बघून घ्या. स्टीलचे भांडे वापरायचे मनात असेल तर दुकानातच चुंबक लावून पाहा. चिकटला तर ते या कामाचे नाही.

आत फिरायला टेफ्लॉनची ४० मिमीची चुंबकी कांडी. बेळगावात कॉलेजांना प्रयोगशाळेचे सामान पुरवणाऱ्या दुकानांत मिळते, कोल्हापुरातही. कांडीऐवजी पात्या असलेला इंपेलर (फिरकी) प्रिंट करायचा असेल तर फिलामेंटच्या प्रिंटरवर पीईटीजी प्लॅस्टिकमध्ये करून घ्या. रेझिनमध्येच प्रिंट केलेला इंपेलर रोज आयपीएत बुडून फुगतो, तडकतो, आणि आतला चुंबक गंजून द्रव तांबूस होते. आपणच बनवतोय तर आपल्याच प्रिंटरवर, हा उत्साह इथे महागात पडतो.

वेग कमी-जास्त करायला बक कन्व्हर्टरचे छोटे मॉड्यूल, ज्याचे आउटपुट स्क्रूने ५ ते १२ व्होल्ट करता येते. स्क्रू काढून तिथे बाहेरून फिरवायचे पोटेन्शिओमीटर झाळले की झाले. सुरुवात कमी व्होल्टेजवर, कांडीने पकड घेतली की हळूहळू वाढवायचे. एकदम १२ व्होल्ट दिले तर पंखा पळतो आणि कांडी मागे राहून कोपऱ्यात जाऊन बसते. किती वेग पुरे? वरच्या पृष्ठभागावर बोटभर खोल भोवरा दिसला की तिथे थांबा. त्यापुढे बुडबुडे धरतात, आणि बुडबुडे नक्षीच्या खाचांत अडकून तेवढी जागा न धुतलेली ठेवतात. मॉड्यूल आणि अ‍ॅडॉप्टर डब्याशेजारी नको. दीड मीटर वायर सोडून टेबलाच्या उंचीवर ठेवा, खाली नव्हे. वाफ खाली उतरते हे वर आलेच आहे. चालू-बंदचा स्विचही तिकडेच.

कांडीच्या वर ४ सेंटीमीटर जागा सोडून जाळी टांगायची. भाजी धुवायची प्लॅस्टिकची चाळणी कापून बसवली तर उत्तम. जोडव्यासारख्या बारीक वस्तूंना चहाची स्टीलची गाळणी, हँडल वाकवून कडेला अडकवलेली. हा पंखा उलटा फिरत नाही, त्यामुळे अर्ध्या वेळाने डबा थांबवून प्रिंट अर्धा फेरा वळवा. एवढे एक काम हाताने करावे लागते, आणि ते चुकवले की नक्षीची प्रवाहाकडची बाजू लखलखीत आणि मागची बाजू बुरसट, असे दिसते.

खरे सांगायचे तर, दिवसाला चार-पाच जोडवीच काढणार असाल तर या पंख्याचीही गरज नाही. घट्ट झाकणाच्या पीपीच्या बरणीत गाळणी टाकून दोन मिनिटे लोणच्याच्या फोडी हलवाव्या तशी हलवली तरी तेच काम होते. ढवळणी लागते ती रोजचे पंधरा-वीस मास्टर असतील तर.

आयपीए: कुठला, किती, केव्हा बदलायचा

९९ टक्क्यांचा घ्या, पाच लिटरचा कॅन रसायनांच्या दुकानात मिळतो. ७० टक्क्यांचा नको आणि सॅनिटायझर तर नकोच. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते, आणि पाण्यामुळे रेझिन विरघळण्याऐवजी दुधाळ होऊन प्रिंटवर बसते. फर्निचरच्या पॉलिशवाल्याचा थिनर प्रिंटची धार मऊ करतो, अ‍ॅसिटोन नक्षी खातो, पेट्रोलचा विचारसुद्धा नको.

डबे दोन ठेवा, दोन्ही तसेच. पहिल्यात मळके, दुसऱ्यात स्वच्छ. प्रिंट प्लेटवरून काढल्यावर पाच मिनिटे तिरका धरून रेझिन व्हॅटमध्येच (प्रिंटरच्या रेझिनच्या भांड्यात) निथळू द्या. जितके निथळले तितका आयपीए वाचला. पहिल्या डब्यात दोन ते तीन मिनिटे, बाहेर काढून निथळवून, मग दुसऱ्यात दोन मिनिटे. बारीक जाळीकामाला यापेक्षा जास्त नको. रात्रभर बुडवून ठेवलेला प्रिंट जास्त स्वच्छ होत नाही. आयपीए त्याच्या आत शिरतो, प्रिंट फुगतो, आणि वाळताना तडकतो. धुणे चालू असताना वीज गेली तर डबा तसाच सोडून हेस्कॉमची वाट बघत बसू नका, प्रिंट बाहेर काढा आणि उरलेला वेळ हाताने हलवून पुरा करा. मेणमिश्रित कास्टेबल रेझिन (धातू ओतण्याआधी साच्यातून जाळून काढतात ते) असेल तर त्याच्या बाटलीवर दिलेला वेळ पाळा, तो साधारणपणे याहूनही कमी असतो.

आयपीए मळला हे नुसते बघून कळत नाही. रंगीत रेझिनचा थोडाच अंशही सगळे गढूळ करतो, आणि पारदर्शक रेझिनने भरलेला आयपीए निर्मळ दिसतो. तुमच्याकडे सोनाराचा काटा असणारच, तो वापरा. मोजपात्रात बरोबर १०० मिली घ्या आणि वजन करा. कोरा आयपीए साडेअठ्ठ्याहत्तर ग्रॅम भरतो. रेझिन पाण्यापेक्षाही जड, १०० मिलीला ११० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे दहा टक्के रेझिन मिसळले की वजन साडेएक्याऐंशीच्या पुढे जाते. दुसऱ्या डब्यात वजन ८० ग्रॅमवर गेले की तो डबा पहिला करा, पहिला गाळायला काढा, आणि दुसऱ्यात कोरा भरा. पहिला ८२ पर्यंत चालवायला हरकत नाही.

यात दोन फसवणुकी आहेत. एक, तापमान. दहा अंशांच्या फरकाने १०० मिलीमागे जवळपास पाऊण ग्रॅमचा फरक पडतो, तेव्हा रोज साधारण एकाच वेळी मोजा. दोन, पावसाळा. आयपीए हवेतली वाफ ओढून घेतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा, त्यातही खानापूरच्या बाजूची, नुसती ओली असते. झाकण उघडे राहिलेल्या डब्यात पाणी भरत जाते, वजन वाढते, आणि आपल्याला वाटते रेझिन वाढले. तुमची पांढरी पूड नेमकी पावसाळ्यात वाढली याचे अर्धे कारण हेच, बादलीला झाकण नाही. चाचणी सोपी: काचेवर एक थेंब टाका आणि उडू द्या. मागे चिकट डाग उरला तर रेझिन. डाग नाही, पण वजन जास्त, तर पाणी.

हातात नायट्राइलचे मोजे. लॅटेक्सच्या मोज्यांतून आयपीए आणि रेझिन दोन्ही आत येतात. रेझिन कातडीला लागले तर साबण-पाण्याने धुवा, आयपीएने पुसू नका; आयपीए ते कातडीत आणखी आत नेतो. रेझिनमधल्या ॲक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा लागली की सहसा जन्माची लागते.

वाळवणे

घाई होते ती इथेच. प्रिंटवर आयपीए ओला असताना क्युअर केले की पांढरे डाग हमखास. दुसऱ्या डब्यातून काढल्यावर घड्याळवाले वापरतात तो रबरी फुगा घेऊन खाचाखाचांतून फुंका, मग पंख्याच्या वाऱ्यात, उजेडापासून लांब, अर्धा तास. पावसाळी दिवसांत एक तास. प्रिंट भिंगाखाली धरा: खाचेत काही चमकत असेल तर ते ओले आहे. सगळीकडे सारखा, खडूसारखा मंद पोत दिसला की वाळले. चमक जात नसेल तर ते आयपीए नाही, कच्चे रेझिन आहे. परत दुसऱ्या डब्यात, अर्धा मिनिट, मऊ ब्रशने. पोकळ घुंगरू असेल तर आतले रेझिन बाहेर यायला दोन भोके हवीत, निदान २ मिमीची. एकच भोक ठेवले तर आत हवा कोंडते आणि काहीच बाहेर येत नाही.

क्युअरचा डबा

पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, किराणा दुकानात रिकामा मिळतो. साधारण साडेतेवीस सेंटीमीटर चौकोनी आणि पस्तीस सेंटीमीटर उंच. वरचा पत्रा पूर्ण कापून काढा आणि डबा उलटा करून पाटावर टोपीसारखा ठेवायचा. दार नको, बिजागरी नको. उचलला की उघडला. कापलेल्या कडेला गाडीच्या दाराची रबरी बीडिंग बसवा, म्हणजे बोटे वाचतात आणि खालून उजेडही फुटत नाही. आतले तेल धुण्याच्या सोड्याच्या कडक पाण्याने दोनदा काढा. बोट फिरवल्यावर चर्र वाजले पाहिजे. तेलकट पत्र्यावर एलईडी पट्टीचा गोंद आठवड्यात सुटतो.

आतून चकाकी हवी म्हणून पुष्कळ जण पांढरा रंग लावतात. दिसायला बरोबर, पण चूक. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि तो दिसणारा उजेड परतवत असला तरी ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड बऱ्यापैकी शोषून घेतो. एसीच्या डक्टला लावतात ती अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. अ‍ॅल्युमिनियम हा उजेड नव्वद टक्क्यांच्या आसपास परतवतो.

पट्टी ४०५ नॅनोमीटरची, १२ व्होल्ट, ५०५० जातीची, मीटरला ६० एलईडी. चार कोपऱ्यांत ३० सेंटीमीटरचे चार तुकडे, चार बाजूंच्या मधोमध आणखी चार, आणि वरच्या बाजूला २० सेंटीमीटरचे दोन. एकूण २ मीटर ८० सेंटीमीटर. मीटरला १४.४ वॉट धरले तर ४० वॉट, म्हणजे ३.४ अँपिअर. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा पुरवठा) घ्या. बेताचा घेतला तर तापतो आणि लवकर जातो. पट्टी फक्त खुणेवरच कापायची, दर तीन एलईडीनंतर ती असते. सगळे तुकडे एकामागोमाग एक झाळत नेऊ नका. प्रत्येकाला एसएमपीएसकडून वेगळी जोडवायर द्या, नाहीतर शेवटच्या तुकड्यावर व्होल्टेज पडते आणि तिकडची बाजू मंद राहते.

आणि एक अशी चूक जी जवळपास प्रत्येकाकडून पहिल्यांदा होते: पट्टीच्या कापलेल्या टोकाला तांब्याचे ठिपके उघडे असतात, आणि त्यांच्याखाली आपण नुकतीच लावलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वीजवाहक आहे. दोन टोके तिला टेकली की शॉर्ट. प्रत्येक टोकावर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा किंवा खाली उष्णता सोसणारी पिवळी टेप लावा. पत्र्याच्या डब्याला हिरवी अर्थिंगची वायर बोल्ट-वायसरने पक्की करा. २३० व्होल्ट फक्त एसएमपीएसपर्यंत, आणि एसएमपीएस डब्याबाहेर.

पट्टी खरी आहे का ते बसवण्याआधी तपासा. लाल आणि निळे मिळून जांभळा दिसणारी सजावटीची पट्टी शंभर तास लावली तरी रेझिन कडक करणार नाही. काचेवर रेझिनचा एक थेंब, १० सेंटीमीटरवर पट्टी धरा. मिनिटभरात थेंबावर साय धरली पाहिजे. तपासताना उघड्या डोळ्यांनी पट्टीकडे बघू नका. दिसतो तो मंद जांभळा, पण डोळ्यात जातो त्याहून पुष्कळ जास्त. वेल्डिंगवाल्याचा साधा पारदर्शक चष्मा ४०५ नॅनोमीटर अडवत नाही, नारिंगी काचेचा हवा.

पाटावर मधोमध १२ व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला ५ ते १० फेऱ्यांची. मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर स्वस्त मिळते पण बहुतेक थेट २३० व्होल्टवर चालते, आणि पत्र्याच्या डब्यात ती नको. वर १८ सेंटीमीटर व्यासाची ४ मिमी काच, काचवाल्याकडून कडा घासून घेतलेली. काचच का? प्रिंटच्या बुडाला सावली पडते आणि तिथेच तो कच्चा राहतो. काचेखाली पाटावर अ‍ॅल्युमिनियम लावले की खालूनही उजेड येतो. पाटावर एक छोटा मायक्रोस्विच असा बसवा की डबा ठेवल्यावरच तो दाबला जाईल आणि १२ व्होल्टची लाइन जुळेल. डबा उचलला की दिवे बंद. टायमरचे मॉड्यूलही याच लाइनवर. डब्यावर वरच्या बाजूला ६० मिमीचा एक पंखा, भोकावर काळ्या पुठ्ठ्याचे वाकडे झाकण ठेवून, म्हणजे वारा जाईल पण उजेड थेट बाहेर येणार नाही. ४० वॉट बंद डब्यात दहा मिनिटांत चांगलेच तापतात. थोडी ऊब क्युअरला मदतच करते, पण पट्टीचे आयुष्य कमी होते.

किती वेळ क्युअर करायचे याचा तक्ता कुणाचा उसना घेऊ नका. तुमच्या रेझिनच्या २० मिमी चौकोनी, ३ मिमी जाड सहा वड्या प्रिंट करा, धुवा, वाळवा आणि १, २, ४, ६, ८, १२ मिनिटे क्युअर करा. नखाने दाबा, मग कडेवर वाकवा. नखाचा वण उठत नाही आणि वाकवल्यावर लगेच काडकन मोडत नाही, अशी सगळ्यात आधीची वडी तुमची वेळ. राखाडी रेझिनला या डब्यात ती बहुधा ३ ते ६ मिनिटांच्या दरम्यान पडेल. पारदर्शक रेझिन लवकर पिवळे पडते, त्याला निम्म्यावर थांबवून बघा. पातळ, चपटे पदार्थ अर्ध्या वेळाने उलटा, एकाच बाजूने क्युअर झाले की तवा तापल्यावर पापड वळतो तसे वळतात. वरून तरीही किंचित चिकट लागत असेल तर प्रिंट पाण्याने भरलेल्या काचेच्या वाडग्यात पूर्ण बुडवून त्याच डब्यात दोन मिनिटे फिरवा. पाण्यात ऑक्सिजन जवळपास पोचत नाही, आणि वरचा थर पक्का होतो. चिकटपणावर इतका सोपा उपाय दुसरा नाही, आणि वापरणारे मात्र कमी.

मळक्या आयपीएचे काय

मोरीत ओतायचे नाही, गटारात नाही, परड्यातल्या विहिरीजवळ तर नाहीच. बेळगावात गटारात गेलेले बळ्ळारी नाल्यात आणि तिथून भातात जाते. निपाणीतही गटाराच्या शेवटी शेतच आहे. पारदर्शक बरणीत तीन-चतुर्थांश भरून, झाकण सैल ठेवून, उघड्यावर पण पोरे-कुत्री पोचणार नाहीत अशा जागी उन्हात ठेवा. घट्ट झाकण लावलेली बरणी उन्हात फुगते. दोन-तीन दिवसांत विरघळलेले रेझिन घट्ट होऊन लोण्यासारखे तळाशी बसते. वरचे निवळलेले जाड सुती कापडातून गाळा, पहिल्या डब्यासाठी ते पुन्हा चालते. तळाचा चिखल पसरट जुन्या ताटलीत आणखी उन्हात ठेवून पूर्ण कडक, वासरहित झाल्यावर कोरड्या कचऱ्यात. पावसाळ्यात ऊन नसेल तर ही बरणी क्युअरच्या डब्यात घालायची कल्पना सुचते; ते करू नका, वाफ आणि स्विच पुन्हा एकत्र येतात. साठवून ठेवा, दसऱ्यानंतर ऊन मुबलक असते. घरी उकळून आयपीए परत काढायचा प्रयोग कुणी सुचवला तर ऐकू नका.

रबर चिकटण्याबद्दल

वरचे सगळे केल्यावर प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉनची बहुतेक तक्रार जाते, सगळी जाईलच असे नाही. क्युअर झालेला मास्टर ६० अंशांच्या आसपास चार-पाच तास गरम ठेवला तर उरलेसुरले अंश उडून जायला मदत होते. बारीक तारेचे काम या उष्णतेत वाकू शकते, म्हणून ते वाळूत अर्धे रोवून ठेवा. चांदीकामात नेहमी वापरतात ते दाबून तापवायचे रबर १५० अंशांच्या आसपास पिकते. त्यात साधा रेझिनचा मास्टर टिकत नाही, त्यासाठी ओतायचे सिलिकॉनच बरे. टिन-क्युअर (कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनला या रेझिनचा त्रास फारसा होत नाही, पण ते थोडे आकसते, आणि जोडव्याच्या मापात ते आकसणे आधीच धरावे लागते.

प्रत्येक बॅचला पूर्ण मोल्ड ओतण्याआधी एक काम करा. त्याच बॅचमधल्या सपोर्टचा (प्रिंटला आधार देणाऱ्या काड्यांचा) एक तुकडा मास्टरबरोबरच धुवा, वाळवा, क्युअर करा. त्याच्यावर हरभऱ्याएवढे मिसळलेले सिलिकॉन ठेवा आणि रबराच्या डब्यावर दिलेला वेळ जाऊ द्या. मग सुईने उचकटून बघा. खालची बाजू कोरडी सुटली तर मोल्ड ओता. ओली राहिली तर मास्टर दुसऱ्या डब्यात आणखी अर्धा मिनिट, पुन्हा वाळवणे, पाण्यात बुडवून दोन मिनिटे क्युअर, आणि पुन्हा एक हरभरा.